आल्बिनेन म्हणजे लॉटरी नाही

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

'या गावात राहायला जा आणि ४५ लाख मिळवा' ही स्वित्झर्लंडच्या आल्बिनेन गावाची बातमी २०१७ पासून फिरतेय, परवा आपल्याही पेपरात वाचली, आणि माझ्या भाच्याने ती एवढी मनावर घेतली की फॉर्म भरून देतो म्हणणाऱ्या एका एजंटला तो आठ हजार देऊन बसलाय. मी २६ वर्षं शाळेत भूगोल शिकवलाय, म्हणून राहवलं नाही.

आल्बिनेन आहे वाले कँटनच्या (कँटन म्हणजे तिथलं राज्य) जर्मन बोलणाऱ्या भागात, ऱ्होन नदीच्या खोऱ्याच्या वर, साधारण १३०० मीटरवर, म्हणजे जवळपास आपल्या महाबळेश्वरच्या उंचीवर. उतारावर एकमेकांना खेटून लाकडी घरं, उन्हानं काळी पडलेली. शेजारचं लॉयकरबाड गरम पाण्याच्या झऱ्यांसाठी प्रसिद्ध, आणि तिकडे जायची जुनी वाट म्हणजे उभ्या कड्याला लावलेल्या आठ लाकडी शिड्या, त्या आजही आहेत. सामान पाठीवर घेऊन माणसं या शिड्या चढायची, उतरायची, विचार करा!

अशा गावात २०१७ साली वस्ती उरली होती जेमतेम २४०. तरुण कुटुंबं खाली उतरली, पोरं कमी झाली, गावची शाळा बंद पडली, राहिलेली मुलं बसनं दुसऱ्या गावात शिकायला जायला लागली. शाळा गेली की गावाचं काय होतं हे आपल्या डोंगरातल्या वाड्यांना वेगळं सांगायला नको. मग तिथल्या तरुणांनीच सह्या गोळा करून मागणी केली आणि ३० नोव्हेंबर २०१७ ला गावच्या सभेत ७१ विरुद्ध २९ मतांनी ठराव पास झाला. सरकारनं वरून पाठवलेली ही स्कीम नाही हो, आपल्या ग्रामसभेसारखी लोकं एकत्र बसली आणि गावाच्या पैशातून मदत द्यायचं त्यांनी ठरवलं.

मोठ्या माणसाला २५ हजार फ्रँक, मुलामागे १० हजार, म्हणजे चौघांच्या घराला ७० हजार, हाच तो ४५ लाखांचा आकडा, तोही २०१७ च्या भावानं. पण अटी बातमीत कुठेच नाहीत! वय ४५ च्या आत पाहिजे, कमीत कमी २ लाख फ्रँकचं घर घ्यायचं किंवा बांधायचं, म्हणजे मिळणाऱ्या पैशाच्या जवळजवळ तिप्पट आधी स्वतःचे घालायचे, ते सुट्टीचं घर नको तर कायम राहायचं पाहिजे, दहा वर्षं राहायचं, त्याआधी सोडलं तर पैसे परत. आणि मुख्य म्हणजे स्विस नागरिकत्व किंवा तिथला सी परमिट, म्हणजे कायम राहायचा परवाना, लागतो, जो आपल्या लोकांना साधारण दहा वर्षं तिथे राहिल्यावर मिळतो. इथून सातारा किंवा सांगलीतून अर्ज करणाऱ्याला यातला एक फ्रँकसुद्धा मिळत नाही.

ठराव झाल्याबरोबर जगभरातून चौकश्यांचा एवढा पूर आला की त्या एवढ्याशा गावाला सगळ्यांना खुलासा देत बसावं लागलं. शाळा पुन्हा भरावी, गाव रिकामं होऊ नये म्हणून धडपडणाऱ्या माणसांची ही बातमी, ती फुकट पैशाची जाहिरात करून छापली याचं मला खरंच फार वाईट वाटलं.

तरी कृपया वरच्या अटींसकट दुरुस्ती छापा, आणि या नावाखाली कुणी फॉर्म फी मागितली तर देऊ नका असं त्यातच ठळक लिहा.

आपली वाचक,
एक निवृत्त शिक्षिका, सातारा