वैवाहिक प्रकरण कोणत्या न्यायालयात चालायचे, हे आधी ठरू द्या : विधी व न्याय मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
मा. मंत्री, विधी व न्याय विभाग,
महाराष्ट्र राज्य, मुंबई

विषय : विभक्त पती-पत्नींची सर्व प्रकरणे एकाच न्यायालयात आणण्याबाबत

महोदय,

एक उदाहरण घेऊ. मुलगी उदगीरची, मुलगा पुण्यात नोकरीला. लग्न लातूरच्या मंगल कार्यालयात लागले, संसार पुण्यात झाला. पाच वर्षांनी बिनसले आणि ती चार वर्षांच्या मुलाला घेऊन माहेरी परतली. या दोघांची प्रकरणे कुठे चालतील?

हिंदू विवाह कायदा, 1955 च्या कलम 19 प्रमाणे घटस्फोटाची याचिका तीन ठिकाणी दाखल होऊ शकते. लग्न लागले तिथे, जाब देणारा (म्हणजे विरुद्ध पक्ष) राहतो तिथे, किंवा दोघे शेवटचे एकत्र राहिले तिथे. 2003 च्या दुरुस्तीने चौथी सोय झाली : अर्जदार पत्नी असेल, तर ती राहते तिथेही. नवरा अर्थातच पुण्याच्या कौटुंबिक न्यायालयात जातो आणि कायद्याने त्याचे काही चुकत नाही. इकडे ती कौटुंबिक हिंसाचार कायदा, 2005 खाली उदगीरच्या प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करते. कलम 27 प्रमाणे ती तात्पुरती राहते ते ठिकाणही चालते. पोटगीचा अर्ज पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम 125 खाली होई, 1 जुलै 2024 पासून तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 144 खाली होतो. तोही उदगीरला. मुलाच्या ताब्यासाठी 1890 चा पालक व पाल्य कायदा मूल सामान्यतः राहते ते ठिकाण पाहतो. छळाची फिर्यादही आसरा घेतलेल्या गावी देता येते, हे सर्वोच्च न्यायालयाने 2019 मध्ये रूपाली देवी प्रकरणात स्पष्ट केले आहे.

यातली प्रत्येक तरतूद विचारपूर्वक झालेली आहे. पण सगळ्या मिळून एकाच संसाराचे चार-पाच तुकडे करतात. नवऱ्याच्या पगाराच्या त्याच स्लिपा पुण्यात, त्याच उदगीरला. दोन्हीकडे वेगळे वकीलपत्र, वेगळी कैफियत, वेगळ्या तारखा. एका ठिकाणी अंतरिम पोटगी होते, दुसरीकडे ती झाल्याचे सांगितलेलेच नसते.

मंत्रिमहोदय, आमचे मुख्य म्हणणे हिंदू विवाह कायद्याच्या कलम 21-अ बद्दल आहे. 1976 मध्ये आलेले हे कलम विखुरलेली प्रकरणे एकत्र आणण्यासाठीच आहे, पण त्याची कक्षा फार लहान आहे. दोन्ही बाजूंच्या याचिका घटस्फोटाच्या किंवा न्यायिक विभक्ततेच्या (लग्न न मोडता वेगळे राहण्याच्या) असतील तरच ते लागू होते. व्यवहारात बहुतेक वेळा नवरा घटस्फोट मागतो आणि पत्नी कलम 9 खाली नांदायला नेण्याचा अर्ज करते. तिथे 21-अ ची मदत नाही. पोटगी, हिंसाचाराचा अर्ज, पालकत्व यांना तर ते शिवतही नाही. आणि जिथे लागू होते तिथे नियम असा की ज्याची याचिका आधी, त्याचे न्यायालय. म्हणजे समेटाची बोलणी चालू असताना जो गुपचूप जाऊन दाखल करतो, त्याला घरचे मैदान मिळते. समुपदेशकासमोर प्रामाणिकपणे बसलेला माणूस मागे राहतो. हा नियम समेटाच्याच मुळावर येतो.

21-अ लागू नसेल तर उरतो दावा वर्ग करण्याचा, म्हणजे दुसऱ्या न्यायालयात हलवण्याचा अर्ज. जिल्ह्यातल्या जिल्ह्यात जिल्हा न्यायाधीश दावा हलवू शकतात, पण पुण्याचा दावा लातूर जिल्ह्यात आणायचा तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम 24 खाली उच्च न्यायालयात जावे लागते. पुणे मुख्यपीठाखाली, लातूर औरंगाबाद खंडपीठाखाली. सोबत पुण्याच्या याचिकेची व रोजनाम्याची (तारखेवार कामकाजाच्या नोंदीची) प्रत, उदगीरच्या प्रकरणांची यादी, राहण्याचा पुरावा, मुलाच्या शाळेचा बोनाफाइड दाखला, उत्पन्नाचा तपशील, आजारपणाचे कागद हे सारे लागते. अर्ज दाखल झाला म्हणून पुण्याचे काम थांबत नाही. स्थगिती वेगळी मागावी लागते आणि ती मिळेपर्यंत दर तारखेला हजर राहावे लागते. इथेच सर्वांत जास्त नुकसान होते. ‘अर्ज टाकलाय ना’ म्हणून बाई घरी बसते, तिकडे ‘जाब देणार गैरहजर’ असा शेरा पडतो आणि प्रकरण एकतर्फी चालते. नंतर तो हुकूम रद्द करून घेण्यात आणखी वर्ष जाते.

राज्याची हद्द मध्ये आली तर परिस्थिती याहून कठीण. कर्नाटकातल्या निपाणीपासून कोल्हापूरचे अंतर जेमतेम 40 किलोमीटर. पण निपाणीकडच्या न्यायालयातला दावा कोल्हापूरला आणायचा, तर त्याच संहितेच्या कलम 25 खाली दिल्लीला, सर्वोच्च न्यायालयात जावे लागते. ही परवानगी उच्च न्यायालय देऊ शकत नाही, हे 2008 मध्येच ठरले आहे. 18 ऑगस्ट 2025 पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचे सर्किट बेंच सुरू झाले, सहा जिल्ह्यांची मुंबईची फेरी वाचली. निपाणीच्या सुनेला मात्र त्याचा उपयोग नाही.

वर्ग करताना पत्नीच्या सोयीला झुकते माप द्यावे, असे सर्वोच्च न्यायालय सातत्याने सांगत आले आहे. 2022 च्या एन. सी. व्ही. ऐश्वर्या प्रकरणात त्याची कारणेही आहेत : दोघांची आर्थिक स्थिती, राहणीमान, सध्या कोण कोणाच्या आधाराने जगते. त्याच न्यायालयाने 2006 मध्ये अनिंदिता दास प्रकरणात या सवलतीचा गैरवापर होतो, प्रत्येक अर्ज गुणदोषावर पाहा, असेही बजावले. आम्हाला दोन्ही पटते. अंथरुणाला खिळलेल्या आईची एकट्याने देखभाल करणाऱ्या नवऱ्याला तीन जिल्ह्यांत फिरवणे हाही अन्यायच. म्हणून ‘नेहमी पत्नीचे गाव’ अशी आमची मागणी नाही. ठिकाण पहिल्याच टप्प्यावर, ठरलेल्या कसोट्यांवर ठरावे आणि मग सारी प्रकरणे तिथेच चालावीत.

विवाह व घटस्फोट हा विषय राज्यघटनेच्या समवर्ती सूचीत (केंद्र आणि राज्य दोघांनाही कायदा करता येतो अशा विषयांत), नोंद 5 मध्ये आहे. विधिमंडळ राज्यापुरती दुरुस्ती करू शकते, राष्ट्रपतींची संमती घ्यावी लागेल इतकेच. या मार्गाने 21-अ ची कक्षा कलम 9 सह सर्व वैवाहिक याचिका, पोटगी, पालकत्व आणि हिंसाचाराच्या अर्जापर्यंत वाढवा. हिंसाचार कायद्याच्या कलम 26 प्रमाणे ते आदेश कौटुंबिक न्यायालयाला आजही देता येतात आणि मुंबई उच्च न्यायालयाने असे अर्ज दंडाधिकाऱ्यांकडून कौटुंबिक न्यायालयाकडे वर्ग केलेलेही आहेत. ‘आधी कोण’ ही कसोटी काढून टाका. मूल असेल तर ते जिथे राहते व शिकते तिथले न्यायालय. मूल नसेल तर ज्याला उत्पन्न नाही किंवा प्रवास झेपत नाही त्याच्या गावचे. हा निर्णय नोटीस बजावल्यापासून 60 दिवसांत व्हावा आणि तोवर दुसऱ्या ठिकाणचे काम आपोआप थांबावे. निर्णयाचा अधिकार, निदान राज्याच्या हद्दीत, जिल्हा पातळीवरच असावा.

ख्रिस्ती स्त्रियांचाही विचार व्हावा. 1869 च्या घटस्फोट कायद्यात 2001 मध्ये मोठी दुरुस्ती झाली, तरी पत्नी राहते ते ठिकाण त्यात आलेले नाही. वसईच्या मुलीचे लग्न तिच्या चर्चमध्ये लागले असेल तर प्रश्न नाही. ते नागपूरला लागले आणि संसारही तिकडेच झाला, तर घटस्फोटासाठी तिला नागपूरच गाठावे लागते.

काही गोष्टींना नवा कायदाही नको. दहा लाखांवर वस्तीच्या शहरात कौटुंबिक न्यायालय स्थापणे 1984 च्या कायद्याने बंधनकारक आहे, पण कलम 3 राज्याला इतर कोणत्याही भागासाठीही तशी मुभा देते. जिथे ते नाही तिथे याचिका दिवाणी न्यायाधीश वरिष्ठ स्तर यांच्याकडे आणि पोटगीचा अर्ज दंडाधिकाऱ्यांकडे, अशी फाटाफूट सुरूच राहते. उच्च न्यायालयाशी विचारविनिमय करून कौटुंबिक न्यायालय नसलेले जिल्हे आधी घ्या आणि सोबत समुपदेशकाचे पद भरा.

दुसरे म्हणजे प्रकरण दाखल करताना भरायचा छाननीचा फॉर्म. रजनेश विरुद्ध नेहा हे प्रकरण नागपूरचेच. 2020 च्या त्या निकालाने दोन्ही बाजूंना मालमत्ता-उत्पन्नाचे शपथपत्र आणि आधीच्या पोटगीच्या आदेशांची माहिती देणे बंधनकारक केले. दाखल करतानाच प्रत्येक जोडप्रकरणाचा 16 अंकाक्षरी सीएनआर क्रमांक (प्रकरणाचा स्वतःचा ओळख क्रमांक) मागितला, तर लपवाछपवी खिडकीवरच थांबेल.

तिसरे, राहण्याचा पुरावा. माहेरी आलेल्या बाईच्या आधार कार्डावर सासरचाच पत्ता असतो. समोरचा वकील त्यावर हरकत घेतो आणि मूळ विषय बाजूला पडून पत्त्यावरच महिने जातात. ग्रामपंचायतीचा रहिवासी दाखला आणि मुलाच्या शाळेचा दाखला प्रथमदर्शनी पुरेसा मानावा, असा नियम उच्च न्यायालयाच्या संमतीने होऊ शकतो.

दृक्‌श्राव्य सुनावणीने हे सगळे सुटेल, असे आपल्याला कोणी सांगितले तर ते अर्धेच खरे आहे. संथिनी प्रकरणात ऑक्टोबर 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोन विरुद्ध एक मताने ठरवले की समेटाचे प्रयत्न फसल्यावर आणि दोघांची संमती असेल तरच कौटुंबिक न्यायालयाने त्याचा विचार करावा. शिवाय मोबाइलवर साक्ष देताना खोलीत शेजारी कोण बसले आहे, हे न्यायाधीशांना दिसत नाही. त्यामुळे तालुका न्यायालयाच्या इमारतीतच बंद दाराची एक खोली, एक कर्मचारी आणि न तुटणारी जोडणी हवी. त्याचा खर्च आपल्या विभागाकडून येतो.

येत्या अधिवेशनात 21-अ वरील राज्य दुरुस्तीचा मसुदा मांडावा. त्याआधी तो जिल्हा वकील संघांकडे आणि विवाह समुपदेशकांकडे हरकती-सूचनांसाठी मराठीतून पाठवावा.

आपले,
जिल्हा व तालुका न्यायालयांत वैवाहिक प्रकरणे हाताळणारे वकील व समुपदेशक