कसरतीला भीक का म्हणायचे?

संपादक महोदय,

रविवारच्या बालपुरवणीत ‘कसरत’ या चार अक्षरांतून शब्द काढायचे कोडे होते. घरातल्या पोरांनी कस, रस, कसर, तरस, सरक असे धडाधड काढले. धाकटीने ‘तर’ काढून वर ‘तर काय?’ असा प्रश्नही ठोकला. मजा आली. पण खरी कसरत यांतल्या एकानेही पाहिलेली नाही, हे तेव्हा ध्यानात आले.

पूर्वी आमच्याकडे बाजारच्या दिवशी डोंबारी हमखास यायचे. बांबूच्या दोन कैच्या, मध्ये ताणलेला दोर, खाली ढोलकं. दोरावरची पोरगी आडवी काठी धरून पायाखाली थाळी सरकवत पुढे जायची. ढोलकं थांबलं की गर्दीचा श्वासही थांबायचा. आता शाळेत जाण्याच्या वयाची लेकरे दोरावर नकोत, याबद्दल दुमत नाही. मात्र ज्या मोठ्यांच्या अंगात ही कला मुरली आहे, त्यांनी करायचे काय? १९५९ च्या भीक प्रतिबंधक कायद्यात भीक मागण्याच्या व्याख्येतच गाणे, नाचणे, खेळ करून दाखवणे येते! मल्लखांबाला स्पर्धा आणि पदके, दोरावरच्या तोलाला मात्र पोलिसांचा धाक.

माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत कुस्त्या होतात, लावणी महोत्सव होतो. तिथेच प्रौढ डोंबारी-कोल्हाटी कलावंतांना रीतसर मानधन देऊन, खाली जाळी बांधून एक दिवस द्यावा. जिल्हा परिषदेने यंदाच विचार करावा.

– एक वाचक, लोहा (जि. नांदेड)