कुडाळच्या मिक्सिंगवाल्या दादांना

दादा, नमस्कार.

ऐन लग्नसराईत तुमच्याकडे आले होते मी. टेबलावर तीन लग्नांचं मिक्सिंग पडलेलं आणि तरी तुम्ही खुर्ची ओढून म्हणालात, "बस, दाखव काय झाला ता." त्या दुपारचे आभार तोंडी मानले होते, पण ते पुरे झाले असं वाटत नाही.

काम बाबांचं होतं. दशावतारात आयुष्यभर पखवाज वाजवून यंदाच्या जत्रेनंतर त्यांनी तो खाली ठेवला. त्या शेवटच्या रात्रीचं चित्रण मी मोबाइलवर केलं होतं, फोरके, तब्बल पन्नास मिनिटं. दाविंची रिझॉल्व्ह या एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये टाकलं आणि युद्धाचा प्रसंग आला की चित्र अडखळायला लागलं. आवाज पुढे जायचा, चित्र उड्या मारायचं. थाप ऐकू यायची तेव्हा बाबांचा हात अजून हवेतच. मला वाटलं, चित्रण करतानाच आवाज चुकलाय. म्हणून बसून एकेका क्लिपचा आवाज तीन-चार फ्रेम सरकवत गेले. रात्रीच्या रात्री. एका दुकानात तर नवीन लॅपटॉप घ्यायला सांगितलं होतं, आणि तेवढे पैसे आमच्याकडे नव्हते.

तुम्ही चित्राच्या वरचा, फ्रेमच्या आकड्याशेजारचा लाल ठिपका दाखवलात आणि म्हणालात, "मशीन बरा आसा तुझा. काम जड आसा."

मग वहीच्या मागच्या पानावर हिशेब मांडलात. सेकंदाला 25 फ्रेम म्हणजे एका फ्रेमला 40 मिलिसेकंद. तेवढ्यात फाइल उलगडायची, रंग बदलायचा आणि त्यावर मी ऑप्टिकल फ्लो लावून युद्ध संथ केलेलं, म्हणजे दोन फ्रेमच्या मधली नवी चित्रंही तिथल्या तिथे तयार करायची. त्यात मोबाइलची फाइल दुकानदाराच्या चोपडीसारखी. पूर्ण शिल्लक कधीतरीच लिहिलेली, मध्ये नुसता काय आलं, काय गेलं एवढाच फरक. मधल्याच तारखेची शिल्लक विचारली तर मागून बेरीज करत यावं लागतं. प्ले दाबल्यावर लॅपटॉप तीच बेरीज करत बसतो, हे मला त्याआधी कुणी सांगितलं नव्हतं.

मग तुम्ही रेंडर कॅश सुरू केलंत, म्हणजे जड भाग आधीच तयार करून डिस्कवर साठवणं. ते करताना 'स्मार्ट' न निवडता 'युजर' निवडलंत. स्मार्टमध्ये सॉफ्टवेअर जड वाटेल ते सगळं आपणहून साठवतं, युजरमध्ये आपण निवडू तेवढंच. कारणही सांगितलंत. कॅशसाठी तुम्ही लावलेल्या डीएनएक्सएचआर एचक्यू या फाइलप्रकारात फुल एचडीचं एक मिनिट साधारण 1.4 जीबी खातं. पन्नास मिनिटांचे 70 जीबी झाले असते आणि माझ्याकडे रिकामे होते 60. म्हणून फक्त युद्धाची अकरा मिनिटं निवडलीत, त्या क्लिपांवर राइट क्लिक करून कलर आउटपुट कॅश केलंत आणि कॅशचं फोल्डर एसएसडीवर हलवलंत. मग माउसवरचा हात काढून स्वस्थ बसायला सांगितलंत. पाच सेकंदांनी टाइमलाइनवर त्या क्लिपांच्या वर आलेली लाल रेघ निळी व्हायला लागली, म्हणजे तेवढा भाग साठवून झाला. चहा येईपर्यंत पहिला तुकडा पूर्ण निळा झाला होता.

प्ले दाबलं आणि हात व थाप अजिबात जुळेनात. चित्र तर लोण्यासारखं चाललेलं. मी सरकवलेला आवाज चुकीचा होता, मूळचा बरोबर होता. तुम्ही काही बोलला नाहीत, फक्त माझ्या जुन्या प्रोजेक्टची प्रत उघडून दिलीत. दादा, ते न बोलणं माझ्या लक्षात राहिलंय. तो आवाज तसाच निर्यात झाला असता तर बाबांची शेवटची रात्र बेताल ठरली असती, आणि ती चूक त्यांच्या नावावर गेली असती.

तुमची एक गोष्ट आता मी कटाक्षाने पाळते. आधी कापाकापी पक्की, मग रंग आणि बाकीचं, मग कॅश. मध्येच रंगाला हात लावला की निळी रेघ परत लाल होते आणि सगळं पुन्हा. काम संपल्यावर प्लेबॅकच्या मेनूतून न वापरलेली कॅशही काढून टाकली. मूळ फाइलींना काही होणार नाही, हे तुम्ही दोनदा सांगितलं होतंत, तरी बटण दाबताना छातीत धडधडलंच.

पैसे तुम्ही घेतले नाहीत. चहाचेसुद्धा तुम्हीच दिलेत. पेन ड्राइव्हवर पूर्ण चित्रण घेऊन पुढच्या आठवड्यात येते, सोबत बाबाही येणार आहेत.

परवा त्यांना घरी दाखवलं. युद्ध सुरू झालं तसा त्यांचा उजवा हात मांडीवर ठेका धरायला लागला. पडद्यावरचा हात पडत होता, त्याच क्षणी हाही पडत होता.

तुमची,
पखवाजवाल्यांची मुलगी