पेठांच्या फुटबॉलचा इतिहास लिहून घ्या

प्रति,
मा. संपादक,

महोदय,

कोल्हापूरच्या शाहू स्टेडियमवर फुटबॉलची एखादी काटा लढत झाली की दुसऱ्या दिवशी आपल्या शहर पानावर तिची बातमी ठरलेल्या दोन साच्यांपैकी एकात येते. सामना सुरळीत पार पडला तर गोल कोणी कितव्या मिनिटाला मारला, सामनावीर कोण आणि पाहुणे कोण. गॅलरीत राडा झाला तर दगडफेक, लाठीमार आणि 'फुटबॉलला गालबोट'. मग आठवडाभर याच सदरात पत्रं येतात की हे सामने एकदाचे बंद करा. माझी मागणी वेगळी आहे. पेठांच्या फुटबॉलचा इतिहास आता कुणीतरी बसून लिहून घ्यायला हवा, आणि ते काम वर्तमानपत्राशिवाय दुसरं कुणी करील असं मला वाटत नाही.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला आपल्या संघांची नावं ऐकून नवल वाटतं. पाटाकडील तालीम, दिलबहार तालीम, खंडोबा तालीम, बालगोपाल तालीम, शिवाजी तरुण मंडळ, संध्यामठ तरुण मंडळ, संयुक्त जुना बुधवार पेठ. गणपती विसर्जनाची मिरवणूक कुणाच्या मागून कोण निघणार याची ही यादी आहे, असंच त्याला वाटेल, आणि तो फारसा चुकलेला नसेल. ज्या संस्थेचा गणपती, काही ठिकाणी ज्या संस्थेत मोहरमचा पंजा बसतो, जिच्या हौद्यात, म्हणजे कुस्तीच्या आखाड्यात, आजोबांनी अंगाला माती लावली, तिचाच फुटबॉल संघ. राजर्षी शाहूंनी कुस्तीला आश्रय दिला, १९१२ मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं आणि पेठापेठांतल्या तालमींना बळ आलं. फुटबॉलला इथं वेगळा क्लब काढावा लागला नाही. कसलेली पोरं, वर्गणी गोळा करणारे हात आणि हरलं तर रात्री तोंड लपवायला एक खोली, एवढं तालमीत तयारच होतं. १९४० मध्ये कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन, म्हणजे आपली केएसए, स्थापन झाली आणि पुढं या पेठांच्या ईर्ष्येला नियम, वेळापत्रक आणि पंच मिळाले.

ईर्ष्या हा शब्द मी मुद्दाम वापरला. शिवाजी पेठ विरुद्ध मंगळवार पेठ या एका ओळीवर कडक उन्हातसुद्धा गॅलरी भरते. ती ईर्ष्या काढून घेतली तर मागं उरेल तो बावीस जणांचा व्यायाम. शिवाय ती दिसते तितकी सरळ नाही. एकट्या शिवाजी पेठेत शिवाजी, खंडोबा आणि संध्यामठ. मंगळवार पेठेत पाटाकडील आणि बालगोपाल. म्हणजे वैर पेठेबाहेर जितकं, तितकंच दोन गल्ल्या सोडून. माहेर एका पेठेत आणि सासर दुसऱ्या पेठेत असलेल्या बायकांनी सामन्याच्या दिवशी काय काय ऐकून घेतलंय, याचं एक स्वतंत्र पुस्तक होईल. (मी कोणत्या तालमीचा, ते इथं लिहीत नाही; लिहिलं तर निम्मे वाचक पत्र पुढं वाचणार नाहीत.)

बदललंय ते वेगळंच. पूर्वी घर ज्या पेठेत, पोरगा त्या तालमीचा, हे बहुतेक ठरलेलं असे. समोरच्या संघाचा डावा बचावपटू कुणाचा कोण, कुठल्या शाळेत होता, कुठल्या पायानं कच्चा, हे गॅलरीतल्या निम्म्या लोकांना पाठ. शिवी दिली तरी नाव घेऊन दिली जायची. आता हंगामाच्या तोंडावर खेळाडू नोंदणी सुरू झाली की कोण कुठं चालला याची चर्चा चौकाचौकांत रंगते. मानधनाचे आकडे कानोकानी फिरतात. परगावचे, परदेशी खेळाडू येतात. त्याला माझी हरकत नाही. खेळाचा वेग वाढला तो त्यांच्यामुळंच, आणि त्यांच्याशी झुंजून आपली पोरंही सुधारली. पण झेंडा पेठेचा आणि खेळाडू वर्षाच्या बोलीचा झाल्यावर समर्थकाकडं उरतो तो फक्त झेंडा. त्याची लढाई मग मोबाइलच्या स्टेटसवर चालते. पंचवीस वर्षांच्या पोराला समोरच्या पेठेचा राग यायला एक ओळ पुरते, पण त्या पेठेचा एकही जुना खेळाडू त्याला माहीत नसतो. दगड उचलणारा हात बहुतेक वेळा याच पोराचा असतो, असं माझं मत आहे. हुल्लडबाजांवर कारवाई जरूर व्हावी, संघांचे गुण कापावेत, त्यावर वाद नाही.

लिहून ठेवल्यानं काय होतं, ते कोलकात्यात दिसतं. जोराबागान हा तिथला एक जुना भाग. २८ जुलै १९२० रोजी त्या भागाच्या क्लबनं मोहन बागानविरुद्धच्या सामन्यात शैलेश बोस या खेळाडूला वगळलं. क्लबचे उपाध्यक्ष सुरेशचंद्र चौधुरी चिडून बाहेर पडले आणि १ ऑगस्टला ईस्ट बंगाल क्लब जन्माला आला. एका खेळाडूला बसवल्यामुळं उभं राहिलेलं भांडण शंभर वर्षांनंतरही तारखेसकट सांगता येतं, कारण ते वेळोवेळी छापलं गेलं. १६ ऑगस्ट १९८० रोजी ईडन गार्डन्सवर याच दोन संघांच्या सामन्यात सोळा प्रेक्षक मेले, तेही शहरानं लपवलं नाही. त्या तारखेला तिथं रक्तदान शिबिरं होतात. आपल्याकडं कुठल्या तालमीचं कुठल्या तालमीशी नेमकं कशावरून फाटलं, हे चौकात विचारा. दहा जण दहा गोष्टी सांगतील, आणि प्रत्येक जण शपथेवर सांगेल.

अनिकेत जाधव २०१७ मध्ये सतरा वर्षांखालील विश्वचषकात भारताकडून खेळला तेव्हा सगळ्या शहराला भरून आलं. प्रशिक्षणासाठी त्याला लहान वयातच पुण्याला जावं लागलं होतं, हे मात्र हारतुऱ्यांत बाजूला पडलं. एफसी कोल्हापूर सिटी हा महिलांचा संघ इंडियन विमेन्स लीग खेळून आला. त्याच्या नावात पेठ नाही, शहर आहे. त्याच्यामागं मात्र पेठांइतकी गर्दी मला कधी दिसली नाही. हेही इतिहासात यायला हवं, फक्त ट्रॉफ्या नकोत.

तर सूचना अशी. पुढच्या हंगामात आठवड्याला एक तालीम घ्या. चषकांची यादी मागू नका, ती फलकावर असतेच. पहिला चेंडू कुणी आणला, सराव कुठल्या मोकळ्या जागेवर व्हायचा आणि तिथं आज काय उभं आहे, जर्सीचा रंग कुणी ठरवला, बूट नसलेला गडी कुणाचे बूट घालून खेळायचा, हे विचारा. तालमींच्या भिंतींवर जुन्या संघांचे फोटो आहेत; त्यातल्या कित्येकांखाली नावं नाहीत, आणि चेहरे ओळखू शकणारी माणसं ऐंशीच्या पुढं गेली आहेत. त्यांना आधी गाठा. ज्या अंतिम सामन्यावरून अजून वाद आहे, त्याच्या दोन्ही पेठांच्या हकिकती शेजारी शेजारी छापा आणि निवाडा देऊ नका. जमलं तर त्या सामन्याच्या पंचालाही बोलतं करा, तो अजून गावात राहत असेल तर.

तालीमवाले लगेच कपाटं उघडतील, असं नाही. समोरची तालीम आधी छापली तर आमची का नाही, हा रुसवाही होईल. म्हणून सुरुवात आपल्याच कचेरीतून करावी. जुन्या अंकांच्या बांधणीत त्या सामन्यांच्या बातम्या असणारच. सोमवारच्या पुरवणीत सिनेमाला जाणाऱ्या जागेतली अर्धी जागा पुरेल.

आपला,
एक वाचक
कोल्हापूर