लॉस एंजेलिसहून घरी

ती. बाबा आणि ती. आईस,
शि. सा. नमस्कार.

मी इथं अगदी मजेत आहे. आईसाठी आधीच लिहिते: डबा घरूनच नेते, रात्री उशीर झाला तर ऑफिसातली मैत्रीण गाडीनं सोडते, आणि वणवे लागले होते तो डोंगराचा भाग माझ्या खोलीपासून खूप लांब आहे. त्या क्लिपा पुन्हा पुन्हा पाहू नका.

बाबा, "तिथं आपल्या माणसाला मान मिळतो का," असं तुम्ही विचारलंत. फोनवर हे नीट बोलता येत नाही. मिळतो, खरंच मिळतो. पण तो आयता मिळत नाही, हे मी इथल्या एका आर्किटेक्टमुळे शिकले. पॉल विल्यम्स, जन्म 1894, याच शहरातला काळा माणूस. चार वर्षांचे होईपर्यंत आईवडील दोघंही गेले. शाळेत शिक्षकानं सांगितलं, तुला काम कोण देणार? गोरे देणार नाहीत आणि तुझ्या लोकांना परवडणार नाही. तरी 1921 मध्ये परवाना मिळवला आणि 1923 मध्ये अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ आर्किटेक्ट्सचे पहिले काळे सभासद झाले.

गोऱ्या गिऱ्हाइकाला शेजारी बसायला अवघड वाटायचं, म्हणून ते टेबलाच्या पलीकडून उलटं चित्र काढायला शिकले. म्हणजे समोरच्याला घर सुलटं दिसणार. मी करून पाहिलं, बाबा. साधा जिना काढतानाही हात अडखळतो. आणि हे पेन्सिल न थांबवता, समोरच्याशी गप्पा मारत करायचं!

इथली एक रीत तुम्हाला पटणार नाही. घर विकायला काढलं की रविवारी दुपारी दार सताड उघडं ठेवतात. याला ओपन हाऊस म्हणतात. ओळख नाही, पाळख नाही, कोणीही आत शिरावं. दारात एजंट वहीत नाव लिहून घेतो, बुटांवर घालायला निळ्या पिशव्या देतो. मग लोक कपाटं उघडतात, नळ सोडून पाहतात, मोरीपर्यंत जातात. घ्यायचं नसलं तरी जातात! मालक तेवढा वेळ बाहेर. आपल्याकडे असं कोणी केलं तर काकू आधी पोलीस बोलावतील. पण याच रीतीमुळे विल्यम्सांनी बांधलेलं एक घर मला आतून पाहता आलं. गोल वळत वर जाणारा जिना होता, कठडा हाताला असा लागतो की सोडवत नाही. पायऱ्या इतक्या कमी उंचीच्या की आईचे गुडघेही कुरकुरणार नाहीत.

अशा कितीतरी वस्त्यांत खरेदीखतातच अट असायची की काळ्या माणसाला घर विकायचं नाही. म्हणजे बांधणाऱ्यालाच तिथं राहायची बंदी. दिवसभर बंगल्याचे आराखडे काढून रात्री आपल्या छोट्या घरी परतावं लागतं, असं त्यांनी 1937 मध्ये स्वतः लिहिलंय. वाचून मला फार लागलं.

बाबा, तुम्ही एलआयसीत आयुष्य काढलंत म्हणून सांगते: गोल्डन स्टेट म्युच्युअल ही काळ्या लोकांनी काढलेली विमा कंपनी, तिची 1949 ची इमारत विल्यम्सांनीच काढलेली. मेम्फिसमधल्या सेंट ज्यूड या मुलांच्या हॉस्पिटलचा आराखडा तर त्यांनी फुकट दिला. सुमारे तीन हजार कामं केली. 1980 मध्ये गेले, आणि इन्स्टिट्यूटचं सुवर्णपदक 2017 मध्ये मिळालं. इतका उशीर का, याचं उत्तर मला कोणी देत नाही.

आता घरचं. स्लॅबचे पैसे सोमवारी पाठवते, दादाच्या हप्त्याचेही त्यातच आहेत. गच्चीचा जिना मिस्त्रीला उभा करू देऊ नका, मी काढून पाठवते. कऱ्हाडच्या स्थळाला माझ्यासाठी थांबवू नका. मुलगा चांगलाच असेल, पण आर्किटेक्टच्या परवान्याच्या परीक्षा झाल्याशिवाय मी हो म्हणणार नाही. आई, रागावू नकोस. तुझ्या मोतीबिंदूच्या ऑपरेशनला मला यायला जमत नाहीये. सुट्टी मागितली होती, मिळाली नाही. वहिनी आहे, मला काळजी नाही, असं मी सगळ्यांना सांगते. डोळ्यांत घालायचे थेंब तिच्या एकटीवर टाकू नका, रात्रीचे दादानं घालावेत. हॉस्पिटलचं बिल मीच भरणार, बाबांनी ठेव मोडायची नाही.

तुमची,
मनू