आईची हाडं आणि लिफ्टचं घर

ती. आई, ती. बाबा,
सा. न.

फोनवर घर बदलायचा विषय निघाला की आई ‘बघू गं’ म्हणते आणि बाबा, तुम्ही क्रिकेटवर जाता. म्हणून लिहूनच पाठवतेय. आयडियल कॉलनीतलं लिफ्टचं घर दादाने आणि मी तुमच्यासाठी भाड्याने घेतलंय. करार झाला, डिपॉझिटही दिलं. आधी विचारलं असतं तर ‘आमचं काय अडलंय’ म्हणाला असतात आणि आणखी एक पावसाळा त्या जिन्यावर निघाला असता. शनिवार पेठेतलं घर विकणार नाही, किल्ली तुमच्याकडेच राहील. वर्षभर राहून बघा. नाहीच रमलात तर पुन्हा बोलू.

आई, हाडांचा रिपोर्ट आल्यापासून तू घोकते आहेस की आयुष्यभर दूध प्यायलं नाही म्हणून हे झालं. तसं नाही गं. डॉक्टरांनी मला नीट समजावलं. संधिवाताची सूज सांध्यापुरती राहत नाही, हाड झिजवणाऱ्या पेशींना ती चेव आणते. त्यात स्टिरॉइड. रोज ५ मिलिग्रॅम म्हणजे थोडीच वाटते, पण तीन महिन्यांच्या वर चालली तरी नवं हाड तयार होणं मंदावतं आणि पोटातून कॅल्शियमही कमी शोषलं जातं. तुझी तर किती वर्षं चालू आहे! शिवाय त्यांनी विचारलं होतं ना, तुमच्या आईचं खुब्याचं हाड मोडलं होतं का? तेही या हिशोबात धरतात. माईआजीचं पुढे काय झालं ते आपण सगळ्यांनी पाहिलंय, परत लिहीत नाही.

मणक्यांचा टी-स्कोअर, म्हणजे हाडाच्या घनतेचा आकडा, उणे २.९ आलाय. उणे २.५ किंवा त्याखाली गेला की ऑस्टिओपोरोसिस, म्हणजे हाडं ठिसूळ होणं, म्हणतात. पण मला खरी धास्ती बसली ती दिवाळीत, तुझे परकर पाहून. सगळे खालून दुमडून टीप मारलेले. तू म्हणालीस, हल्ली जमिनीला लागतात. आई, परकर वाढत नाहीत गं. मणके पडल्याझडल्याशिवायही दबतात, कधीकधी फारसं दुखतही नाही, नुसती उंची कमी होते. म्हणून तो पाठीचा एक्स-रे सांगितलाय. तो टाळू नकोस.

माझा हात मोडला होता तेव्हा तू विणायची सुई प्लास्टरच्या आत घालून हळूच खाजवून द्यायचीस. रात्री उठूनसुद्धा. मी लहान होते, हाड पटकन जुळलं. तुझं तसं जुळणार नाही, आणि तू अंथरुणात पडून आहेस हे मला डोळ्यांसमोर आणवत नाही.

आता घराचं. लिफ्टमध्ये खुर्ची मावते, मी बघून आलेय. आपल्या मोरीतल्या शहाबादीसारखी घसरडी फरशी नाही. न्हाणीघरात आणि कमोडशेजारी दांड्या बसवून घेतल्यात, जाड, कारण तुझी बोटं पूर्ण मिटत नाहीत. तिकडे ओट्याला मनगट टेकवून तोल सांभाळतेस ते मी पाहिलंय. गॅलरीत सकाळचं ऊन येतं, तुळस तिथेच राहील. देव पूर्वेला मांडता येतील. गणपती पाचच दिवसांचे, तसेच. बाबा, पेपर सहाच्या आत येतो, विचारून घेतलंय. मेट्रो खालीच आहे. संभाजी उद्यानाला थेट उतरता येतं, म्हणजे तुमचा कट्टा सुटत नाही.

आता दोघांनी ऐकायचं. आई, हाडं ठिसूळ झाली म्हणून स्टिरॉइड आपल्या मनाने बंद करायची नाही. इतकी वर्षं घेतल्यावर शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवायला विसरलेलं असतं, एकदम सोडली तर जिवावर बेतू शकतं. डॉक्टर हळूहळू कमी करतील. आणि तिच्यावर राग धरू नकोस, तिच्यामुळेच तुला परत स्वतःची वेणी घालता यायला लागली.

हाडांची गोळी आठवड्यातून एकदा, बुधवारी. उठल्यावर उपाशीपोटी, ग्लासभर साध्या पाण्याबरोबर. त्यानंतर अर्धा तास चहा नाही, काही खाणं नाही आणि आडवं होणं तर मुळीच नाही. तुझा साडेपाचचा चहा एक दिवस सहाला होईल, बाबा सोबतीला थांबतील. कॅल्शियमची गोळी तिच्याबरोबर नको, जेवणानंतर घे. छातीत जळजळलं तर लपवू नकोस. वर्षातून एकदा शिरेतून द्यायचं इंजेक्शनही असतं, डॉक्टर ठरवतील.

बाबा, संधिवाताची रविवारची मेथोट्रेक्सेट आणि बुधवारची ही गोळी कालनिर्णयवर वेगवेगळ्या रंगांनी लिहा. मेथोट्रेक्सेट चुकून रोज घेतली गेली तर फार धोक्याचं आहे. ड जीवनसत्त्वाची पाकिटं दुकानातून आपणहून आणत राहू नका, तीही जास्त झाली तर बाधतात. नाचणीची भाकरी, तीळ चालू ठेवा, मला आवडतं तुम्ही आठवणीने पीठ दळून आणता ते, पण आता नुसत्या नाचणीवर भागणार नाही.

आणि वाकून बादली उचलणं बंद. माळ्यावरचे डबे काढायला स्टुलावर चढणंही. आई, तुझ्या हातचं काही काढून घेत नाहीये गं. भाजी निवड, फोडणी घाल, मालतीबाईंना ओरड, सगळं कर. मालतीबाई नव्या घरीही येणार आहेत, त्यांच्याशी माझं बोलणं झालंय.

हलवायला माणसं येतील. बाबा, ट्रंकेला हात लावायचा नाही. आणि आईची ती दाढ काढायची असेल तर हाडांची गोळी सुरू व्हायच्या आधी काढून घ्यायला सांगितलंय. दातांच्या डॉक्टरांची वेळ याच आठवड्यात घ्या. शनिवारी रात्री फोन करते तेव्हा कधीची मिळाली ते सांगा.

तुमची,
चिमू