भट्टीवाल्या काकांना

आदरणीय काका,
सा. न. वि. वि.

तोंडावर आभार मानू दिले नाहीत. "पुरे आता, चहा घे" म्हणून विषय मिटवलात. म्हणून हे चारचौघांत लिहिते आहे.

एमएस्सीच्या प्रकल्पाला शनीची कडी घेतली, तेव्हा आमच्या मार्गदर्शकांनी कागद न उघडताच विचारलं होतं, "कड्यांचा ताप मोजून कुणाचं भलं होणार?" वर्गात हशा. पुण्यात विद्वानांना तोटा नाही. दुसऱ्याचं चार पानं वाचायची वेळ आली की मात्र सगळ्यांनाच कामं निघतात.

तुम्ही खगोलशास्त्रातले नव्हे. भोसरीत जन्मभर भट्ट्या सांभाळल्यात. तरी अख्खा अहवाल वाचलात, आणि तो परत आला तेव्हा समासात फिकट पेन्सिलीनं ठिकठिकाणी लिहिलं होतं, "इथे मला कळले नाही. सांगाल का?" सोबत पाकिटात एक खोडरबर. मी ते पाकीट हातात धरून जिन्यातच बसले. माझ्या कामाबद्दल कुणी असं विचारलंच नव्हतं हो.

त्यातला एक प्रश्न होता, "कड्यातला बर्फाचा कण शनीच्या सावलीत शिरला की किती झपाट्याने गार होतो?" सगळी मेख तिथेच होती. कॅसिनी यान २००४ ते २०१७ शनीभोवती फिरलं. त्यावरचा अवरक्त वर्णपटमापक कड्यांची स्वतःची ऊब टिपायचा, त्यामुळे सावलीतलं कडंही त्याला दिसे. तिथे कण भराभर निवतात, म्हणजे वरचा थर भुसभुशीत. तुम्ही लगेच म्हणालात, "सच्छिद्र वीट आणि घट्ट वीट!" आणि माझं अडलेलं प्रकरण सुटलं. मग बोलणं ऑगस्ट २००९ च्या विषुवावर आलं, तेव्हा सूर्य नेमका कड्यांच्या पातळीत होता. ऊन कड्यांवर तिरपंसुद्धा पडेना, मुख्य कड्यांतलं सगळ्यात बाहेरचं, ते ए कडं, उणे २३० अंशांपर्यंत उतरलं. तरी त्याचा मधला भाग गणितापेक्षा ऊबदारच राहिला. पातळ भुसभुशीत थराखाली घट्ट बर्फ असावा, असा अर्थ संशोधकांनी लावला, हे सांगितलं तेव्हा तुम्ही मांडीवर थाप मारलीत!

माणसाला येतं किती, यापेक्षा तो समोरच्याला किती जागा देतो ते मला आता आधी दिसतं. तोंडी परीक्षेत हसणारेही होते समोर. त्यांचं जाऊ दे.

बी कड्याचा तुमचा प्रश्न अजून तसाच आहे. कडं एवढं दाट, तर उजेडाकडची ऊब पलीकडच्या अंगाला पोहोचते कशी? कण वरखाली होत ती घेऊन जातात का? आलेख काढते आहे. रविवारी संध्याकाळी घेऊन येते, घरी असाल ना?

काकूंना नमस्कार. कळावे, लोभ असावा.

तुमची,
तिसऱ्या मजल्यावरची